दोन बांबू पाणी

मोबदल्याचा चेक आला त्या साली
बाकीच्यांनी पुनर्वसनात प्लॉट घेतले,
तीस बाय साठचे, चुन्याच्या रेघा मारलेले.
मी डोंगा घेतला. सागाचा, घरासारखा लांब,
मागं टिनाचं छप्पर, वर एका दिव्यापुरतं सोलर.
मच्छीमार संस्थेचं रजिस्टर वीस वर्षं लिहिलेला माणूस,
त्याला हे सुचावं?
लोकांनी नावं ठेवली.
इतकी ठेवली की नावेला
आम्ही वेगळं नाव ठेवलं नाही.

पुस्तकला पहिल्या रात्री बोललीच नाही.
दुसऱ्या रात्री म्हणाली, "चूल कोठी मांडू वो?"

तेलाच्या पिप्यात माती थापून मांडली.
बाजूला मिठाचा डबा, सुतळीचे गुंडे, लाखोळीची डाळ,
एक कोंबडी, जी काठ दिसला की ओरडते
आणि काठावर सोडली की त्याहून ओरडते.
सारवायला जमीन नाही,
म्हणून पुस्तकला फळ्या सारवते.
"लाकडाले का होते शेणानं?"
"लाकडाले नाई होत काई. मले होते."

दिवाळीनंतर वैनगंगा पोट फुगवून बसते.
आम्ही वर जातो, आंभोऱ्याकडे.
उन्हात पाणी मागं सरकलं की
त्याच्या मागं मागं आम्ही खाली.
कन्हान येऊन मिळते तिथं मात्र
शहरानं अंग धुतलेलं पाणी, काळं, फेसाळ,
वर जलपर्णी अशी की पाखरं चालत पलीकडे जातात.
बांबू लागत नाही, वल्हं फिरत नाही.
हातानं वेल उपसत निघायचं
आणि तीन दिवस तळवे खाजवायचे.

एका रात्री दोर सुटला.
झोपलो भंडारा जिल्ह्यात,
उठलो नागपूर जिल्ह्यात.
पुस्तकलेनं तोंड धुतलं, अनोळखी काठ पाहिला,
"इथंबी म्हशीच हायेत," म्हणाली,
चहा ठेवला.

पाणी मी बांबूनं मोजतो.
एक बांबू: इसतारी नान्ह्याची वांग्याची वाडी.
दीड: शाळेची पायरी, जिच्यावर मी
सातवीचा निकाल घेऊन बसलो होतो, घरी न जाता.
चिंचेचं वठलेलं शेंड अजून वर आहे.
लहानपणी ज्या फांदीपर्यंत कधी पोचलो नाही
तिला आता बसल्या बसल्या दोर बांधतो.
चिंचेपासून चार हात उगवतीला,
दोन बांबू.
तिथं टेकवू देत नाही ती.
"आंगण हाये थे आपलं. खरवडू नोको."

मागच्या पौषात तिच्या पोटात खडे निघाले.
कोंबडी इसतारीच्या प्लॉटवर ठेवली,
भंडाऱ्याच्या दवाखान्यात पाच दिवस.
पत्ता विचारला. आधार कार्डावर
अजून जुन्या गावाचंच नाव आहे, तेच उतरवून घेतलं.
मी काही बोललो नाही.
तसं पाहिलं तर चूक नव्हती,
आम्ही राहतो तिथंच, जरा वर.

ऑपरेशन बरं झालं. झोप येईना.
गोळी दिली, तरी टक्क डोळे.
तिसऱ्या रात्री माझी बाही ओढून म्हणाली,
"हे खाट हालत नाई."

मग मी खाली बसलो,
लोखंडी पाय धरला,
डोंगा काठाला लागताना हलतो तितकंच,
पुढं, मागं. चाक कुईकुई करायला लागलं.
शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली,
"भूकंप हाये का बाप्पा?"
"नाई आजी, झोपा तुमी."
"मंग माई बी हालवा थोडीशी."

पहाटे दोघीही घोरत होत्या.
माझा हात बधिर झाला होता, सोडला नाही.
निघताना घाई झाली होती.
दोराला दुसरी गाठ मारली होती का,
ते आठवत बसलो.